नागपूर ते राजनांदगाव : एका डब्यातलं भाकीत

या भागाचं लेखी रूप देतोय, कारण मागच्या वेळी बऱ्याच जणांनी सांगितलं की बसमध्ये, मेट्रोमध्ये ऐकताना नावं आणि सालं निसटतात. आज दोन्ही भरपूर आहेत. बोलताना मी जसा घसरतो तसाच इथेही घसरलोय, तेवढं सांभाळून घ्या.

विषय तुमच्याच मेसेजमधून आला. एका श्रोत्यानं विचारलं होतं, ‘देव रस्ता दाखवतो असं आपण म्हणतो. इतिहासात याचा काही पुरावा सापडतो का?’ प्रश्न वाचून मी आधी हसलो. मी कोड लिहिणारा माणूस, माझ्याकडे पुरावा म्हणजे लॉग फाइल. देवाची लॉग फाइल कुठून आणू? पण आपल्या नागपूरच्या स्टेशनाशी जोडलेली एक गोष्ट आहे. ‘देवानं वाट दाखवली’ असं म्हणणारा माणूस तिच्यात आहे, आणि त्या वाटेची किंमत दुसऱ्याच कोणीतरी चुकवली हेही तिच्यात आहे.

साल साधारण १८९३. आज आपण स्टेशनाची जी दगडी इमारत बघतो ती तेव्हा नव्हती, ती १९२५ ची. पण रेल्वे होती. मुंबईकडून जीआयपीची लाइन नागपूरला १८६७ मध्येच पोचली होती. पूर्वेकडे, म्हणजे छत्तीसगडच्या बाजूला, आधी मीटर गेज टाकलं गेलं. मग १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी आली, तिनं ते रूळ मोठे केले आणि १८९१ पर्यंत लाइन थेट आसनसोलपर्यंत नेली. आज आपण हावड्याकडे जाणारी कुठलीही गाडी पकडतो ना, कामठी, भंडारा रोड, गोंदिया, डोंगरगड, तीच ही वाट. राजनांदगाव नागपूरपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. तेव्हा ते एक छोटं संस्थान होतं आणि त्याचे राजे बैरागी महंत होते. हा एक वेगळाच किस्सा आहे, पण तो पुन्हा कधी.

या लाइनीवरच्या एका डब्यात तिशीतला एक मराठी ब्राह्मण बसलाय. नागपुरातलं काम सुटलंय आणि तो नोकरीच्या शोधात राजनांदगावला निघालाय. नाव नारायण वामन टिळक. लोकमान्यांशी गल्लत करू नका. हे रेव्हरंड टिळक, शाळेच्या पुस्तकात कवी म्हणून भेटतात ते. पण रेव्हरंड व्हायला अजून अवकाश आहे. या क्षणी ते संस्कृतचे पंडित आहेत, शीघ्रकवी आहेत आणि बेकार आहेत.

त्यांचं तोवरचं आयुष्य म्हणजे नुसती भटकंती. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. आई लहानपणीच गेली, वडिलांशी पटलं नाही, पोरवयातच घर सोडलं. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झालं. ती तेव्हा ११-१२ वर्षांची. सासरी तिचं नाव लक्ष्मी ठेवलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढची अर्धी गोष्ट तिची आहे. लग्नानंतरही टिळक एका जागी टिकले नाहीत. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी कीर्तन-पुराण, परवा कुठे गेले ते बायकोलाही माहीत नाही. हातात पैसा ठरत नसे. समोर गरजू दिसला की देऊन मोकळे. ऐकायला थोर वाटतं, पण घरात चूल पेटवायची कुणी?

नागपुरात ते आले १८९१ च्या सुमारास, अप्पासाहेब बुटींकडे. बुटी म्हणजे नागपूरचं बडं सावकार घराणं. शिर्डीत आज जिथे साईबाबांची समाधी आहे तो वाडा नागपूरच्याच बापूसाहेब बुटींनी बांधलेला, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. अप्पासाहेबांना वैदिक वाङ्मयाच्या प्रकाशनात रस होता, टिळकांना त्यात काम मिळालं. ‘ऋषि’ नावाचं हिंदू धर्मविचाराचं एक मासिकही त्यांनी या काळात चालवलं. म्हणजे बघा, जो माणूस पुढे मराठी ख्रिस्ती भजनांचा सगळ्यात मोठा कवी झाला, तो आपल्या गावात बसून वेदांवर काम करत होता. आणि मनात काहीतरी वेगळंच शिजत होतं. जातिभेद त्यांना पटेना, रूढी पटेनात. इतके की स्वतःच एखादा नवा पंथ काढावा असे विचार चालू होते. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पुढे जे झालं त्याचं वर्णन लोक ‘एका गोऱ्यानं गाडीत बाटवलं’ अशा एका ओळीत उरकतात. जमीन आधीच नांगरलेली होती.

बरं, तर गाडीतली गोष्ट. डब्यात एक युरोपियन वाटणारा प्रवासी आहे. तो सरकून टिळकांना जागा देतो. १८९३ मध्ये एखाद्या गोऱ्यानं नेटिव्हाला जागा करून देणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. टिळकांना तेच आधी लक्षात राहिलं असणार, असं आपलं मला वाटतं. गप्पा कवितेपासून सुरू होतात आणि धर्मापर्यंत पोचतात. उतरताना तो माणूस नव्या कराराची एक प्रत हातात ठेवतो आणि एक अजब गोष्ट सांगतो, की देव तुम्हाला बोलावतोय, हे पुस्तक वाचा, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. नावही न सांगता निघून जातो.

टिळकांना हे हास्यास्पद वाटलं. पण पुस्तक वाचायचं वचन त्यांनी दिलं होतं. सवयीप्रमाणे पेन्सिल घेऊन, खुणा करत वाचायला बसले. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथे अडकले. पुढे ते स्वतः सांगत की ती पानं सोडून उठवेना. मग पत्रव्यवहार, मिशनऱ्यांशी वाद, वाचन, सगळं गुपचूप. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये, पण गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून घेतला नाही, मुद्दाम एका भारतीय पाळकाच्या हातून घेतला. दोन वर्षांचं भाकीत जवळजवळ तंतोतंत खरं ठरलं.

तो गाडीतला माणूस म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड, मध्य भारतात काम करणारा अमेरिकेचा फ्री मेथडिस्ट मिशनरी, अशी ओळख नंतर पटली. टिळकांना मात्र तो कितीतरी काळ फक्त ‘गाडीतला अनोळखी माणूस’ होता. आणि ती भेट हा देवाचा हात होता याबद्दल त्यांना कधीच शंका वाटली नाही.

आता माझ्यातला इंजिनिअर इथे हात वर करतो. सर्व्हायव्हरशिप बायस, मंडळी! त्या काळात रेल्वेच्या डब्यांत किती मिशनऱ्यांनी किती जणांना पुस्तकं वाटली असतील? मराठी नवा करार सेरामपूरला छापला गेला १८११ मध्ये, म्हणजे तोवर ऐंशी वर्षं पुस्तकं वाटली जात होती. त्यातल्या कितीजणांना ‘तुम्ही ख्रिस्ती व्हाल’ असं सांगितलं गेलं असेल, आणि किती जणांनी पुढच्या स्टेशनावर त्या कागदात फुटाणे बांधून घेतले असतील? ज्यांच्या बाबतीत भाकीत खोटं ठरलं त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत. त्यामुळे श्रोत्याच्या प्रश्नाचं एक सरळ उत्तर असं, की या घटनेतून देव सिद्ध होत नाही. आणि असिद्धही होत नाही, कारण टिळकांनी हा विश्वास पुरावा मोजून ठेवलेलाच नव्हता.

इथे नागपूरची दुसरी एक गोष्ट आठवते, म्हणून थोडं वळण घेतो. सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडचे मिशनरी, १८४५ मध्ये नागपूरला आले, भोसल्यांचं राज्य अजून चालू होतं तेव्हा. शाळा काढली, गोंड लोकांच्या भाषा-गाण्यांच्या नोंदी केल्या, दगड आणि जीवाश्म गोळा केले, भूगर्भशास्त्रात त्यांचं नाव आजही घेतात. देवावर भरवसा म्हणाल तर पूर्ण. ४ सप्टेंबर १८६३ ला ते टाकळघाटची शिळावर्तुळं बघून घोड्यावरून परत निघाले, वाटेत एक शाळा तपासायला मागे थांबले. संध्याकाळ झाली, पावसानं नाला फुगला होता. घोडा एकटाच परत आला. वय ४५.

म्हणजे वाट दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवला की पूर ओसरतो, असलं काही नाही. हे आधी मान्य करू, मग पुढे जाऊ. नाहीतर आपण नुसत्या यशस्वी गोष्टींची रील बनवत बसू.

आता लक्ष्मीबाई.

फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांचं वय होतं २६. म्हणजे हे ऐकणाऱ्या तुमच्यातल्या बऱ्याच जणींएवढं, माझ्याहून थोडं कमीच. पदरात लहान दत्तू. नवरा कुठेतरी गेलाय आणि एक दिवस बातमी येते की तो ख्रिस्ती झाला. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांना गाडीत कोणी जागा दिली नव्हती, पुस्तक दिलं नव्हतं, दोन वर्षांचा वायदा केला नव्हता. आणि त्या काळात या बातमीचा अर्थ काय होता? नवरा जिवंत असून संसार संपला. समाजाच्या दृष्टीनं ना ती सवाष्ण, ना विधवा. त्यात माहेर असं की वडिलांचं सोवळं म्हणजे वेडाच्या हद्दीला पोचलेलं. ‘स्मृतिचित्रे’ची सुरुवातीची पानं त्यावरच आहेत. वाचताना हसू येतं आणि मग लक्षात येतं की त्या घरातली लहान मुलं आणि आई हे रोज भोगत होती.

नंतरची चार-पाच वर्षं लक्ष्मीबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. कधी नाशिकला नातेवाइकांकडे, कधी पंढरपूरला. पत्रं यायची, जायची. टिळकांनी बळजबरी केली नाही, तुझा धर्म तुझ्यापाशी, पण ये, असं त्यांचं म्हणणं. यांचं म्हणणं, यायचं तर कसं? त्या अखेर अहमदनगरला त्यांच्याकडे गेल्या तेव्हाही स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एका छपराखाली दोन धर्म. हळूहळू, स्वतःशीच भांडत भांडत, त्यांच्या मनातून आधी जात गेली. शिवाशीव देवानं केलेली नाही, माणसानं केली आहे, हे त्यांना कोणत्या प्रवचनातून कळलं नाही, रोजच्या जगण्यातून कळलं. आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मला विचाराल तर अनिश्चित प्रवासात देवावर भरवसा ठेवणं म्हणजे काय, हे टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंकडे बघून जास्त कळतं. टिळकांना खूण मिळाली होती. खूण मिळाल्यावर चालणं तुलनेनं सोपं. शिवाय ते पुरुष होते, विद्वान होते, जातील तिथे त्यांना व्यासपीठ मिळत होतं. लक्ष्मीबाईंना कसलीच खूण नव्हती. उद्या पोरगा कुठे शिकेल, कोणाच्या घरी राहायचं, हेही ठाऊक नव्हतं. पंढरपूरला होत्या तेव्हा त्या विठोबाच्याच होत्या. म्हणजे पाच वर्षं त्यांनी जो देव धरला तो नवऱ्याचा देव नव्हता. मग त्यांना वाट कोणी दाखवली, विठोबानं की ख्रिस्तानं? हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही, आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लक्ष्मीबाईंनाही त्याची फार घाई असलेली दिसत नाही.

माझी आई म्हणते, ‘देव बघून घेईल.’ गॅस संपला तरी, माझा प्रोजेक्ट गेला तरी. कंपनीनं आमच्या आख्ख्या टीमला मेल पाठवून घरी बसवलं तेव्हाही तिनं हेच वाक्य टाकलं आणि मी चिडलो. पण नंतर बघितलं तर ती ‘देव बघून घेईल’ म्हणत म्हणत माझ्या मावशीला फोन लावत होती, भावाच्या फीसाठी आरडी मोडायचा हिशेब करत होती. लक्ष्मीबाईंचं तसंच असावं. भरवसा एका हातात, दुसऱ्या हातात भाजी चिरायची विळी.

त्या काळाची आणखी एक बाजू सांगायला हवी. धर्मांतराकडे आज आपण फार पटकन पक्ष घेऊन बघतो, दोन्हीकडून. टिळकांच्या बाबतीत दोन्ही पक्षांची पंचाईत होते. ते ख्रिस्ती झाले पण मराठीपण सोडलं नाही. ख्रिस्ती मंडळींना त्यांनी इंग्रजी चालीच्या भाषांतरित गीतांऐवजी अभंग, ओवी, भजन दिलं. त्यांनी लिहिलेली शेकडाहून जास्त पदं ‘उपासना संगीत’मध्ये आहेत आणि महाराष्ट्रातल्या मराठी चर्चमध्ये आजही गातात. तुकारामांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची धारणा होती. मुंबईतले त्यांचे मिशनरी मित्र जस्टिन अ‍ॅबट यांनी पुढे आपल्या संतांची चरित्रं इंग्रजीत नेली. आणि १९१७ मध्ये, वीस वर्षांहून जास्त काम केल्यावर, टिळकांनी मिशनचा पगारच सोडला. साताऱ्याला राहून ‘देवाचा दरबार’ नावाची मंडळी सुरू केली, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. वय ५५, हातात पैसा नाही, पुन्हा अनिश्चित प्रवास. लक्ष्मीबाईंना तेव्हा काय वाटलं असेल! तोपर्यंत मात्र त्यांना सवय झाली होती.

याच घरात, नगरला, एक पोरगा राहायचा. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. म्हणजे बालकवी. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. ५ मे १९१८ ला जळगावजवळ भादली स्टेशनाशी रूळ ओलांडताना मालगाडीखाली सापडून तो गेला. २७ वर्षांचा. टिळकांना ज्या रेल्वेत देव भेटला असं ते मानत, त्याच रेल्वेनं त्यांच्या घरातला हा कवी नेला. मी या दोन घटना शेजारी ठेवून काही सिद्ध करत नाहीये. पण पहिली सांगायची आणि दुसरी लपवायची, हे मला जमणार नाही. पहिल्या घटनेला देवाचा हात म्हणायचं तर दुसरीला काय म्हणायचं? श्रद्धा असलेल्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही, आणि टिळकांच्या घरात तो टाळला गेला असेल असं मला वाटत नाही. एक वर्षानं, ९ मे १९१९ ला, टिळक स्वतः मुंबईत गेले.

लक्ष्मीबाईंना पुढे १७ वर्षं मिळाली. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात काम केलं, दत्तूबरोबर कराचीला राहिल्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू केलं होतं, त्याचे दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. उरलेले साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्यानं अक्षरओळख करून दिली, तिनं! ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झालं. मुलाला टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या, त्यातून हे लेखन सुरू झालं आणि मराठीतलं सर्वांत गाजलेलं आत्मचरित्र तयार झालं. विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला, सुहास जोशी लक्ष्मीबाई आहेत, सापडला तर जरूर बघा. पुस्तक वाचताना घाबरू नका, भाषा इतकी बोलती आहे की आजीच समोर बसून सांगतेय असं वाटतं. स्वतःवर आणि नवऱ्यावर एकाच मापानं हसणारी बाई. नवऱ्याला त्यांनी देव केलेलं नाही. त्यांचा विसराळूपणा, राग, उधळेपणा, सगळं लिहिलंय, आणि प्रेमानं लिहिलंय.

१९३३ मध्ये मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन नागपूरला भरलं. अध्यक्ष होत्या लक्ष्मीबाई टिळक, वय ६५. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचा बेकार नवरा याच गावातून पूर्वेच्या गाडीत बसला होता.

२४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये छापून आलं, ते त्यांना पाहायला मिळालं नाही.

पुढच्या भागात टाकळघाटची शिळावर्तुळं. गेल्या रविवारी बाईकवर जाऊन आलोय, रेकॉर्डिंगमध्ये वारा फार आहे, पण बघू काय होतं ते. तुमच्या घरी कोणी ‘देव बघून घेईल’ म्हणणारं असेल तर त्यांचा एक किस्सा व्हॉइस नोटवर पाठवा, दोन मिनिटांच्या आत.